मेजर : शौर्य एकाचे, लढाई अनेकांची

दिग्दर्शक : शशी किरण टिक्का
कथा-पटकथा : अडिवी शेष
संगीत : श्रीचरण पाकला
कलाकार : अडिवी शेष, सई मांजरेकर, प्रकाश राज, रेवती, शोभिता धुलिपाला, मुरली शर्मा

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलात अडकलेल्यांची सुटका करताना मेजर संदीप उन्नीकृष्णन यांना २८ नोव्हेंबरला वीरमरण आले. वय अवघे ३१. बंगळुरूत वाढलेल्या आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. जून २०२२ मध्ये प्रदर्शित झालेला ‘मेजर’ त्यांच्याच आयुष्यावर बेतलेला आहे.

चित्रपटाची खरी ताकद ताजमधील प्रसंगांत आहे. धुराने भरलेले जिने, बंद दारांमागे श्वास रोखून बसलेली माणसे, एकेक खोली तपासत पुढे सरकणारे कमांडो, हे सारे प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवते. अडिवी शेषने संदीपचा दरारा आणि हसरेपणा दोन्ही छान सांभाळले आहेत. पण डोळ्यांत पाणी उभे करतात ते प्रकाश राज आणि रेवती. एकुलत्या एका मुलाच्या बातमीची वाट पाहणारे हे आईवडील कुठल्याही घरातले वाटतात.

मध्यांतरापूर्वीचा भाग मात्र रेंगाळतो. शाळेतले प्रेम, गाणी, लग्न हे सगळे ठरावीक साच्यातले. पती सतत सीमेवर असताना घरी एकटी पडलेली पत्नी हा विषय खरा तर मोलाचा. सई मांजरेकरने तो मनापासून साकारला आहे, पण पटकथेने तिला तक्रार करण्यापलीकडे फारसे काही दिलेले नाही.

याहून मोठी उणीव शेवटी जाणवते. नायक एकटाच शत्रूवर तुटून पडतो आणि सत्यकथेची मारधाडपटाशी सांगड घातली जाते. प्रत्यक्षात कमांडो हरियाणातील मानेसरहून येईपर्यंत मुंबई पोलीस आणि नौदलाचे कमांडो ताजमध्ये शिरले होते. राज्य राखीव पोलीस दलातील सोलापूर जिल्ह्याचे राहुल शिंदे तिथेच शहीद झाले. पाहुण्यांना वाचवताना हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनीही प्राण दिले. पत्नी आणि दोन मुलगे गमावूनही व्यवस्थापक करमबीर कांग कामावरून हलले नाहीत. या सगळ्यांच्या वाट्याला पडद्यावर फारच थोडी जागा आली आहे. आपल्या जखमी सहकाऱ्याला आधी सुरक्षित जागी पोहोचवणाऱ्या मेजरची थोरवी, इतरांची थोरवी दाखवल्याने कमी झाली नसती. उलट ती अधिक उठून दिसली असती.

छायाचित्रण आणि पार्श्वसंगीत परिणामकारक आहे. रक्तपात बराच असल्याने लहान मुलांना दूर ठेवलेले बरे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसोबत मात्र जरूर पाहावा, आणि नंतर त्यांना त्या रात्रीच्या बाकीच्या शूरांची नावेही सांगावीत.