वहिवाट, ताबा आणि अपील

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची खेप चुकली ती १८ ऑगस्ट २०२५ पासून. त्या दिवशी कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कामाला लागले. चार दशकांहून अधिक काळ तिथल्या वकिलांनी ही मागणी लावून धरली होती आणि ती रास्तच होती. आता त्यांनीच स्वतःला एक प्रश्न विचारावा. जिल्हा न्यायालयात साक्षीदाराला घाम फोडणारा वकील अपिलाच्या कामालाही तितकाच तयार असतो काय?

बहुधा नसतो, आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. खालच्या कोर्टात दावा उभा करायचा असतो; वरच्या कोर्टात तो वाचून दाखवायचा असतो. तिथे पिंजऱ्यात कोणी उभे नसते. निकालपत्र, जबान्या, निशाण्या आणि रोजनामा एवढेच हाताशी असते आणि बोर्ड लांबलचक असल्याने बोलायला मिनिटे मोजकी. तरीही अपिलाच्या मेमोत तीस-चाळीस मुद्दे असतात, बरेचसे मागच्या कुठल्यातरी मेमोवरून उतरवलेले. ‘निकाल कायद्याविरुद्ध आहे’, ‘पुराव्याचा विचार झालेला नाही’ असे म्हणायचे, पण कोणत्या निशाणीचा आणि कोणत्या परिच्छेदातल्या जबानीचा, ते सांगायचे नाही. जिथे नेमके बोट ठेवायला हवे, तिथे हात नुसता हवेत फिरतो.

दुसऱ्या अपिलात याची किंमत पक्षकार रोख मोजतो. १९७६च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००चे दार अरुंद केले. कायद्याचा सारभूत प्रश्न उपस्थित होत असेल तरच उच्च न्यायालय अपील ऐकते. वाटपाच्या दाव्यात ‘साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता’ हा वस्तुस्थितीचा वाद झाला. ‘महत्त्वाचा दस्त वाचलाच नाही’ किंवा ‘सिद्ध करण्याचा भार चुकीच्या माणसावर टाकला’ यातून कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. तिन्ही वाक्ये एकाच रागातून येतात, पण पहिले लिहिणाऱ्याचे अपील दाखल होण्याच्या पायरीवरच संपते. हा फरक ओळखणे शिकावे लागते आणि ते शिकवताही येते.

सर्वांत दुर्लक्षित कौशल्य मात्र मराठीचे आहे, हे ऐकून काही सिनियर मंडळी भुवया उंचावतील. खाली जबानी मराठीत नोंदवली जाते, वर कामकाज इंग्रजीत चालते. मधल्या भाषांतरात काय काय सांडते ते पाहावे. शेतकरी सांगतो, ‘बांधापर्यंत आमची वहिवाट आहे, ताबा भावाचा.’ इंग्रजीत दोन्हींचे ‘पझेशन’ होऊन बसते आणि साक्षीदार स्वतःलाच खोटा पाडतोय असे दिसते. ‘त्यानं जमीन म्हणे विकली’ यातला ‘म्हणे’ गळाला की ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होते. मूळ मराठी जबानी उघडून हा ‘म्हणे’ शोधणारा वकील एखादे अपील फिरवू शकतो. मुंबईतल्या इंग्रजी चेंबरपेक्षा सांगली-साताऱ्याच्या वकिलाचे पारडे इथे जड आहे. फक्त ते वापरायची सवय हवी.

सर्वोच्च न्यायालयात ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड व्हायचे तर चार वर्षांच्या वकिलीनंतर वर्षभर उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागते. त्यात मसुदालेखनाचा स्वतंत्र पेपर असतो. उच्च न्यायालयात अपील चालवायला सनद पुरते. न्यायाधीशांसाठी उत्तनला अकादमी आहे; वकिलाची शाळा म्हणजे सिनियरचे चेंबर, आणि तिथे ज्युनिअरच्या वाट्याला बहुधा तारखा घेणे आणि नकला काढणे येते. आणखी एक परीक्षा लादा असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षांनी वकील घडले असते तर एव्हाना घडलेच असते. बार कौन्सिलने आणि सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशननी निकाल लागलेल्या अपिलांचे कागद समोर ठेवून मेमो पुन्हा लिहून घ्यावेत, निवृत्त न्यायमूर्तींनी लाल शाईने खोडावेत. चाळीस मुद्द्यांचे चार झाले की शिक्षण सुरू झाले.

तुरुंगातून येणाऱ्या अपिलांत तर ही निकड जीवावरची आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे, हे ठरवून दिले. तो वकील कसा असावा, याकडे न्यायालय २०१९च्या अनोखीलाल प्रकरणात वळले. जन्मठेप वा फाशीची शक्यता असेल तिथे किमान दहा वर्षांची वकिली, तयारीला साधारण सात दिवस आणि आरोपीला भेटण्याची मुभा, असे ते म्हणाले. सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाला मिळणारे मानधन आणि हे निकष यांचा मेळ बसवणे विधी सेवा प्राधिकरणाचे काम आहे.

भेटीसाठी मात्र मानधन वाढण्याची वाट पाहायला नको. कळंबा कारागृह आणि बेंच आता एकाच गावात आहेत. फाइल काखोटीला मारून रिक्षात बसायचे आणि निकालपत्रात नसलेले काही सांगायचे आहे का, एवढे त्या कैद्याला विचारून यायचे.