मोजण्यापूर्वीचा प्रश्न

साहित्याच्या अभ्यासात शब्द मोजण्यासाठी संगणकाची मदत घेतली जाऊ लागली आहे; मात्र मोजणीमागचा प्रश्न फारसा उघड केला जात नाही. यासाठी ‘हास्केल’ या आज्ञावलीच्या भाषेकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने एकदा पाहावे, असे मला वाटते.

संहितेतील विशिष्ट घडणीचे शब्द शोधणाऱ्या सूत्राला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही कल्पना मांडली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ती मजकुरातील शोधासाठी वापरण्याची रीत दाखवली. हास्केल ही १९९० साली आलेली ‘फंक्शनल’, म्हणजे गणितातील फलांच्या रचनेवर उभी असलेली भाषा. तिच्यात संहिता आणि सूत्र यांची गाठ एकाच चिन्हाने घालता येते. उत्तर कोणते मिळेल, हे मात्र विचारणाऱ्याच्या अपेक्षेवर ठरते. होय-नाही हवे असेल तर तेवढेच मिळते. संख्या मागितली तर किती वेळा ते कळते. मजकूर मागितला तर पहिला सापडलेला तुकडा हाती येतो. अपेक्षा सांगितली नाही आणि संदर्भावरूनही ती कळली नाही, तर कंपायलर आज्ञावली नाकारतो. संहिता तीच, सूत्र तेच, उत्तरे निराळी! संदर्भाने अर्थ ठरतो, हे आपण वर्गात शिकवतो. येथे तो व्याकरणाचा नियमच आहे.

पण या शिस्तीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती उत्तराचे रूप तपासते, सूत्राचा शहाणपणा नव्हे. ‘राम’ शोधला तर ‘विराम’ आणि ‘आराम’ही मोजले जातात. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याला’, ‘पाण्यात’ निसटतात, कारण सामान्यरूपात शब्दाचा शेवटच बदलतो. ‘कोणतेही एक अक्षर’ असे सांगणारा सूत्रातील टिंब तर ‘स्त्री’पुढे अडखळतो: आपल्या लेखी ते एक अक्षर, युनिकोडच्या लेखी सहा चिन्हे. शब्द कशाला म्हणावे, अक्षर कशाला म्हणावे, हे ठरवणे व्याकरणाचे आणि वाचकाचेच काम राहते.

म्हणून माझा आग्रह एवढाच: पाठभेदांचा संपादक जसा आपली पद्धत प्रस्तावनेत नोंदवतो, तसे मोजणी करणाऱ्याने आकड्याशेजारी आपले सूत्र आणि आपली अपेक्षा छापावी. त्याशिवाय आलेला आकडा हा पुरावा नव्हे. ते केवळ ठाम स्वरात केलेले विधान होय.