चाकांवरची दोन घरे

नोकरीतून निवृत्त झालेले एक जोडपे आपल्या मोटारघरात बसते, गोल्फच्या काठ्यांची पिशवी मागच्या कप्प्यात टाकते आणि थंडीची चाहूल लागताच उत्तर अमेरिकेतून ॲरिझोनाच्या किंवा फ्लोरिडाच्या वाटेला लागते. गाडीत बिछाना आहे, शेगडी आहे, न्हाणीघर आहे. मैदान दिसेल तेथे मुक्काम, सकाळी खेळ, संध्याकाळी शेजारच्या गाडीवाल्यांशी गप्पा. उन्हाळ्यात गाडीमालकांचे मेळावे भरतात. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावी विनेबागो कंपनीच्या मोटारघरांच्या मालकांचा असा मेळावा वर्षानुवर्षे भरत आला आहे. हे सारे ऐकले की आपल्यातील काही साथी संतापतात, काही कुचेष्टा करतात आणि भांडवलशाहीच्या उधळपट्टीचा नमुना म्हणून त्याकडे बोट दाखवतात. त्यांचा संताप प्रामाणिक आहे, परंतु तो चुकीच्या जागी खर्ची पडत आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

ही फुरसत आली कोठून, हा पहिला प्रश्न. थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ साली ऐतखाऊ वर्गाची चिकित्सा केली तेव्हा असा रिकामा वेळ ही खरोखरच मूठभरांची मिरास होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. मोटार कामगारांच्या संघटनेने १९५० साली जनरल मोटर्सशी केलेल्या करारात निवृत्तिवेतन पदरात पाडून घेतले. १९७० साली त्याच कंपनीतील सुमारे ४ लाख कामगार ६७ दिवस संपावर गेले आणि ३० वर्षे राबलेल्या कामगाराला पासष्टी गाठण्यापूर्वीच सन्मानाने घरी बसता यावे, ही मागणी त्यांनी पुढे रेटली. डेट्रॉइटचा म्हातारा कामगार मोटारघर घेऊन दक्षिणेकडे निघाला तो या लढ्यांच्या बळावर. त्याची ती सहल म्हणजे त्याचीच राखून ठेवलेली मजुरी होती. मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी १८८० साली श्रमिकाच्या आळसाच्या हक्काचा पुरस्कार केला होता. त्या हक्काचा एक तुकडा जिंकून घेणाऱ्याला समाजवाद्यांनी हिणवावे काय?

पुढे काय घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतील जवळजवळ एक तृतीयांश कामगार संघटित होते; आज खाजगी क्षेत्रात हे प्रमाण शेकडा ६ च्या आसपास आले आहे. संघटना खचली तशी निवृत्तिवेतनाची हमीही गेली आणि तिच्या जागी शेअरबाजाराच्या लहरीवर हेलकावणारी वैयक्तिक बचतखाती आली. २००८ सालच्या अरिष्टात अनेकांची ही पुंजी आटली, कित्येकांची घरे सावकारी बँकांनी गिळली. मग रस्त्यावर दुसऱ्या प्रकारचे मोटारघर दिसू लागले. जेसिका ब्रुडर या पत्रकार स्त्रीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्याचे वर्णन आहे. साठी-सत्तरीची माणसे जुन्या व्हॅनमध्ये संसार थाटून हंगामी कामाच्या मागे गावोगाव फिरतात. अ‍ॅमेझॉन कंपनीने गोदामांतील कामासाठी अशा माणसांच्या भरतीची खास योजना चालवली होती. उत्तर डाकोटा आणि मिनेसोटात साखरेच्या बीटाचा हंगाम आला की हेच लोक बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात.

दोन्ही गाड्यांत बिछाना आहे आणि दोन्हींत पिकल्या केसांची माणसे आहेत. राज्यसंस्था मात्र त्यांना दोन नजरांनी पाहते. अमेरिकन करकायद्यानुसार मोटारघरात झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असेल तर मालकाला ते आपले दुसरे घर म्हणून दाखवता येते आणि ते तारण ठेवून काढलेल्या कर्जाच्या व्याजावर, ठरावीक मर्यादेत, करसवलत घेता येते. कॅलिफोर्नियाने १९६० साली घटनादुरुस्ती करून ना-नफा गोल्फ क्लबांच्या जमिनीची करआकारणी ती केवळ खेळाचे मैदान आहे असे धरून व्हावी, अशी तजवीज केली. भोवतालच्या जमिनीला सोन्याचा भाव आला तरी मैदानाला त्याची झळ नाही. याउलट ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास या गावाने सार्वजनिक जागेत अंथरूण पसरणाऱ्या बेघरांवर २९५ डॉलरचा दंड बसवला. त्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांपैकी एक स्त्री आपल्या व्हॅनमध्येच राहत होती. जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला. ज्याला दुसरे घर आहे त्याला सवलत आणि ज्याला पहिलेच नाही त्याला दंड! ही नीती जुनीच आहे. मोटारघरांवर मिरवणारे विनेबागो हे नाव मुळात एका आदिवासी जमातीचे. एकोणिसाव्या शतकात सरकारने या लोकांना एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात पुनःपुन्हा हुसकावले होते.

यावर उत्तर ठरलेले असते: ज्याने काटकसर केली तो खेळतो, ज्याने केली नाही तो राबतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे उत्तर पोरकट वाटते. पगार जेमतेम महिनाअखेरीस पुरतो, आजारपण बचत खाऊन टाकते आणि बाजार कोसळण्याची तारीख कोणाच्याही हाती नसते. म्हातारपणीचा विसावा हा व्यक्तीच्या शहाणपणापेक्षा तिच्या वर्गाच्या संघटित बळावर अधिक अवलंबून असतो, हेच अमेरिकेच्या सत्तर वर्षांनी सिद्ध केले आहे.

हे वारे आपल्याकडेही पोचले आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरच्या घरांसाठी तळ, पाणी, वीज यांचा विचार त्यात आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु याच राज्यात दसरा-दिवाळी झाली की बीडकडचा कोयता उचल घेऊन, पोराबाळांसह आणि भांड्याकुंड्यांसह कारखान्याची वाट धरतो. त्याच्याही संसाराला चाके आहेत, पण त्याच्या कोपीच्या तळावर पाण्याचा नळ आणि संडास असावा यासाठी वर्षानुवर्षे ओरड करावी लागते. कारखान्यात आयुष्य काढलेल्यांचे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १,००० रुपये! १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतनाची हमी काढून घेतली गेली. मार्च २०२३ च्या संपानंतरच सरकारला सुधारित योजनेची भाषा बोलावी लागली. हमीचे निवृत्तिवेतन घेऊन स्वस्थपणे हे लिहिणारा मी, आधीच्या पिढीच्या लढ्याचे फळ खात आहे याची मला जाणीव आहे.

तेव्हा साथींना माझी विनंती आहे की, गोल्फ खेळणाऱ्या म्हाताऱ्याची टवाळी आपण सोडून द्यावी. ती ऐकून गिरणीतला वा शेतातला माणूस आपल्याजवळ येणार नाही, कारण त्यालाही विसावा हवाच आहे. त्याला सांगावयाचे ते हे, की म्हातारपणी हिंडणे, खेळणे, चार सोबत्यांत बसणे हा त्याचा हक्क आहे. हा हक्क दुसरीकडे कामगारांनी संप करून मिळवला होता आणि संघटना ढिली पडताच गमावला. हमीच्या निवृत्तिवेतनाची मागणी घेऊन जो कार्यकर्ता कोपीच्या तळावर आणि कारखान्याच्या फाटकाशी उभा राहील, तोच या प्रश्नाला खरा हात घालील.