भविष्यातील भूक आणि मराठी कल्पनाशक्ती

दुःस्वप्नवत भविष्य रंगवणाऱ्या साहित्यात, चित्रपटांत आणि अलीकडे संगणकीय खेळांतही अन्नटंचाई हे एक प्रमुख आशयसूत्र झाले आहे. हॅरी हॅरिसन यांच्या ‘मेक रूम! मेक रूम!’ (१९६६) या कादंबरीतील गर्दीने गुदमरलेले न्यूयॉर्क सोयाबीन आणि मसूर यांपासून केलेल्या ‘सॉयलेंट’चा आधार घेते. तिच्यावर बेतलेल्या ‘सॉयलेंट ग्रीन’ (१९७३) या चित्रपटाने हे भविष्य २०२२ सालात ठेवले. ‘फ्रॉस्टपंक’ (२०१८) या खेळात गोठलेल्या नगरीच्या शासकाला लोकांना पातळ सूप द्यावे की अन्नात लाकडाचा भुसा मिसळावा, याविषयी कायदा करावा लागतो.

अशा खेळांची मर्यादा त्यांच्या दृष्टिबिंदूत आहे. खेळणारा कोठाराच्या किल्ल्या हाती असलेला शासक असतो. त्याला भूक दिसते ती घटत जाणाऱ्या आकड्याच्या रूपात. चुलीपुढे बसलेले माणूस त्या आकड्यात उरत नाही. दुष्काळ म्हणजे केवळ धान्याचा अभाव नव्हे, तर धान्यावरील हक्क गमावणे होय, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सप्रमाण मांडले. कोठाराच्या हिशोबात हा हक्क कोठेच नोंदला जात नाही.

मराठवाड्याला हा भेद अनुभवाने ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी पडली आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी नाइलाजाने पोटात ढकलली. त्याच वर्षी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. भुकेला साहित्यही पारखे राहिले नाही. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, परभणीच्या आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह या कृतींनी शेतकऱ्याच्या कोंडीला शब्द दिले. मात्र ग्रामीण साहित्याची नजर मुख्यतः भूतकाळावर आणि वर्तमानावर खिळलेली राहिली. दुसरीकडे जयंत नारळीकरांच्या ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला अंतराळ, प्रगत यंत्रे आणि संगणक यांच्या भविष्यात नेले; त्या भविष्यात भाकरीचा प्रश्न केंद्रस्थानी नव्हता. एका प्रवाहाजवळ भूक होती, दुसऱ्याजवळ भविष्य. अभ्यासक्रमांतही हे दोन्ही प्रवाह वेगळ्या कप्प्यांत शिकवले जातात, त्यामुळे त्यांची गाठ घालून देण्याची निकड भासत नाही.

ही गाठ परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावाच्या शिवारात पडू शकते. ज्वारीचे पीक माणसाला भाकर आणि जनावराला कडबा देई. सुगीनंतर कणगीत काही काळाची निश्चिंती साठे. या परिसराच्या काळ्या मातीत आता खरिपात सोयाबीनचा विस्तार झाला आहे. सोयाबीन खळ्यावरून थेट बाजारात जाते. त्याचे तेल गाळले जाते, पेंड कोंबडीखाद्याला लागते. पिकवणारा मात्र आलेल्या पैशातून आणि स्वस्त धान्य दुकानातून आपले जेवण उभे करतो. शेत हिरवेगार असूनही घरातील साठवण रिकामी, हे कोणत्याही कल्पित नगरीपेक्षा अधिक विचार करायला लावणारे चित्र आहे. हॅरिसनच्या न्यूयॉर्कमध्ये सोयाबीन निदान खाणाऱ्याच्या ताटात तरी येते.

याचा अर्थ ज्वारीचा जुना संसार सुखाचा होता असा नव्हे. पाऊस रुसला की तीही कणगी तळ गाठत असे, आणि सोयाबीनने हातात रोख पैसा दिला हेही नाकारता येत नाही. प्रश्न स्मरणरंजनाचा नाही. टंचाईचे रूप पालटले आहे, आणि उद्या भाव पडला, पाऊस हुकला आणि स्वस्त धान्यही थांबले तर काय, हा प्रश्न आकडेवारीइतकाच कल्पनाशक्तीचाही आहे.

मराठी विज्ञानसाहित्याने हा प्रश्न स्वीकारला, तर त्याला परकीय दुःस्वप्नांची उसनवारी करावी लागणार नाही. त्यासाठी भविष्याकडे कोठाराच्या दारातून पाहणे सोडून चुलीपुढून पाहावे लागेल. ग्रामीण साहित्याची खरी मिळकत हाच दृष्टिबिंदू आहे, आणि तो भविष्यकाळात नेण्याचे काम अद्याप बाकी आहे.