नियम यंत्र पाळते, लिहितो माणूसच!

"क्लाउडवर सगळं ऑटोमॅटिक आहे, तिथे कसला भेदभाव?" असे आपलेच इंजिनिअर मित्र म्हणतात. आम्ही विचारतो, नियम कोणी लिहिला? खर्च वाचवण्यासाठी क्लाउड कस्टोडियनमध्ये काही ओळी लिहितात : टॅग नसलेली मशीन पुसून टाका. टॅग लावायचा असतो हे नव्या पोराला कोणी सांगितलेलेच नसते. त्याची मेहनत रातोरात पुसली जाते, आणि दोष कोणाचाच नाही!

त्याच साधनात आधी खूण करा, मालकाला कळवा, मुदत द्या, मगच पुसा, असेही लिहिता येते. बाजू मांडू दिल्याशिवाय सरकारी नोकराला सहसा बडतर्फ करता येत नाही, असे संविधानाचे कलम ३११ सांगते. मग इथे सुनावणी का नको?

मित्रांनो, नियम पाळणारे पुष्कळ झालो. आता नियम लिहिणारे होऊ.

जय भीम!