हरलेल्या सापाने जायचं कुठे?

"दोघांचं छान जमतं, बघा ना कसे बिलगून बसलेत!" बंगळुरूत के. आर. पुरमच्या आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने गेल्या रविवारी मला त्याची काचेची पेटी दाखवली. तीन फुटांची पेटी, आत दोन बॉल पायथन जातीचे साप. लपायला एकच पालथं मडकं, दोघंही त्यातच कोंबलेले. धाकट्याने तीन आठवडे उंदराला तोंड लावलं नव्हतं. "दुकानदारच म्हणाला, एकटा ठेवू नका, कंटाळेल."

आपल्याला एकटं कुणी बघवत नाही. एकटा माणूस दिसला की त्याचं लग्न लावायचं, एकटा साप दिसला की त्याला जोडीदार आणायचा. पाळीव प्राण्यांचे निम्मे हाल या एका समजुतीतून होतात, असं माझं ठाम मत आहे.

लहानपणी कोल्हापूरकडे उसाच्या बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. 'जोड लागली' म्हणत काकांनी डोईचा पांढरा पटका सोडून त्यांच्यावर टाकला. असं कापड घरात ठेवलं की बरकत येते म्हणतात. पुढे कळलं की असे पीळ घालून उभे राहतात ते बहुधा दोन नर. ही झुंज असते. चावाचावी नाही. पुढचं अंग उचलायचं आणि समोरच्याची मान जमिनीला टेकवायची, एवढाच डाव. दमला तो पीळ सोडतो आणि उसात निघून जातो. त्या जाण्यानेच भांडण मिटतं. आम्ही सगळे बांधावर हात जोडून उभे होतो, प्रेम बघतोय या भावनेने. रविवारी त्या तरुणाच्या डोळ्यांत मला तोच भाव दिसला. फरक इतकाच की पेटीत ऊस नाही.

बॉल पायथन असे उभे राहून झुंजले नाहीत, तरी ऊब एकाच कोपऱ्यात, आडोसा एकच. दबलेला साप ओरडत नाही, खाणं सोडतो. एका उंदरावर दोघांनी तोंड टाकलं तर दोघांच्याही जिवावर बेततं. सकाळी पेटीत उलटी पडलेली दिसली, तर ती कुणाची हे कसं ओळखायचं? एकाच्या खवल्यांत शिरलेले बारीक काळे माइट दुसऱ्यावर जातातच. निडोव्हायरसची लागण झालेल्या सापाच्या तोंडात चिकट शेंबूड साठतो, तो तोंड उघडून श्वास घेतो. तोवर सोबत्यालाही तो रोग लागलेला असू शकतो.

कॅनडातल्या अभ्यासकांनी 2024 मध्ये दाखवलं की बॉल पायथन आपणहून एकत्र बसतात. त्या तरुणाने हे माझ्यापुढे केलंच. पण तिथे सहा सापांना सगळ्यांना पुरतील एवढे आडोसे होते. जायला जागा असताना शेजारी बसणं निराळं.

त्याला हे पटलं. दुसरी पेटी मागवली आहे. ती येईपर्यंत धाकटा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात आहे. खाली कागद, एका बाजूला ऊब, पाण्याची वाटी, आणि के. आर. पुरमच्या बाजारातून आणलेलं त्याचं स्वतःचं मडकं.