मगावरचे आजोबा
वाढदिवस असो, निवृत्ती असो की पंचाहत्तरी, हल्ली भेट म्हणून फोटो छापलेला मग ठरलेलाच. खास शाईने फोटो आधी कागदावर उलटा छापतात, तो कागद मगाभोवती गुंडाळून यंत्रात 180 ते 200 अंश सेल्सिअसला दाबून धरतात. शाईची वाफ होते आणि ती मगावरच्या लेपात मुरते. म्हणूनच घरातला साधा, लेप नसलेला कप घेऊन गेलात तर दुकानदार हात जोडतो. खरी गोची फोटोत असते. फॅमिली ग्रुपवर फिरून फिरून आलेला फोटो मोबाइलवर झकास दिसतो, छापल्यावर मात्र आजोबांच्या मिशा आणि मफलर एकजीव! 4 बाय 6 इंचांची नीट प्रिंट हवी तर 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात, तेव्हा मूळ फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा. मला विचाराल तर मगापेक्षा घरी चिकटवलेला छोटा अल्बम केव्हाही सरस. फक्त चिकटवण्याआधी प्रत्येक फोटोखाली नावं लिहायची जागा सोडा. नाहीतर नऊवारीतली ती उजवीकडची आत्या नेमकी कोणाची, यावरून पुढच्या दिवाळीत फराळ बाजूला राहतो आणि दोन काका हमरीतुमरीवर येतात.